तीन पावांचं घर

१

शनिवारी सकाळी वॉल्ट डोलन बेकरीतून कडक पाव आणायचा, आणि ते नेहमी तीन असायचे. घरात माणसं दोन, तो आणि त्याची बायको व्हर्ना. मुलगी लॉरेल लहान होती तेव्हा तिसरा पाव तिचा असायचा. पण लॉरेल लग्न करून ओहायोला गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि पाव काही दोनावर आले नाहीत. तिसराही दुपारपर्यंत संपलेला असायचा. व्हर्नाची खात्री होती की दहाच्या सुमारास वॉल्ट मागच्या शेडमध्ये होडीशी खुडबूड करायला जातो तेव्हा तो खिशात घालून नेतो. विचारावं असं तिला कधी वाटलं नाही. धडधाकट नवऱ्याच्या तोंडचे पाव मोजणारी बाई ती नव्हती.

घर लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी होतं. ते व्हर्नाच्या माहेरचं, सॅनेलांचं. पुढच्या खोल्या तिच्या पणजोबांनी वाढवलेल्या. मागचं स्वयंपाकघर मात्र फार जुनं, किती जुनं ते कुणी छातीठोकपणे सांगत नसे. मागच्या दाराला तीन लाकडी पायऱ्या होत्या आणि मधली कुरकुरायची. वॉल्ट दोनशे तीस पौंडांचा गडी. तो वर चढला की पायरी अशी ओरडायची की व्हर्ना मागे न बघता कॉफी ओतायला घ्यायची.

आणखी एक आवाज होता. रोज दहाच्या आसपास, ऊन छपरावर चढलं की स्वयंपाकघरालगतच्या कोठीच्या भिंतीत टक, टक, टक व्हायचं. थोडं थांबून पुन्हा टक, टक, टक, जणू कुणी हातोडी घेऊन कशाच्या तरी भोवती फिरतंय. लाकूड तापलं की ताणतं, असं तिचे वडील सांगायचे. तो आवाज ऐकला की ती भांडी विसळायला उठायची. सुखाचं घर होतं आणि व्हर्ना ते कुणापाशीही कबूल करायची.

२

व्हर्ना शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली त्या दिवशी तिने वडिलांची खाकी फाईल माळ्यावरून खाली काढली. वॉरन सॅनेल यांनी आयुष्यभर टपाल वाटलं आणि आयुष्यभराचे रविवार त्या फाईलपायी घालवले. फाईलच्या पहिल्या पानावर एकच नाव होतं, पिएरो झानेला. व्हेनिसचा, पिंपं बांधणारा. १६४३ साली एका डच जहाजातून तापाने फणफणलेला उतरला आणि जहाज त्याला न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या, धक्क्यावर टाकून निघून गेलं. तो जगला. एका डच विधवेशी त्याने लग्न केलं, खाडीकाठी जमीन घेतली, मुलं झाली. झानेलाचं सॅनेल पुढच्या दोन पिढ्यांत झालं.

वॉल्टला या खटाटोपाचं कौतुकही होतं आणि चेष्टाही. "माझा आजा आयर्लंडहून आला आणि पहिल्याच गुत्त्यात शिरला," तो म्हणायचा. "झाला आमचा इतिहास. एका वाक्यात. फाईल नको की काही नको."

पण वॉरनना त्या फाईलचं वेड लागायला कारण होतं. गावात जुन्या वसाहतकरांच्या वंशजांचं एक मंडळ होतं. त्यांच्या सभागृहात भिंतीवर पहिल्या वस्तीकरांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली, आणि नावाखाली ज्याने वंश सिद्ध केला त्याचं नाव. १९५८ साली वॉरन तिथे टपाल द्यायला गेले असताना आपल्या पूर्वजाबद्दल बोलले, तर तेव्हाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर हसले. "इटालियन? त्या काळी? अहो, तुमची माणसं आमचे रस्ते खणायला आली ती परवा-परवा." वॉरन घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या व्हर्नाला ते न जेवलेलं ताट अजून आठवत होतं.

त्यांनी सगळे पुरावे जमवले. बाप्तिस्मे, लग्नं, जमिनीचे कागद, अकरा पिढ्या. मंडळाचा अर्जही स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला. आणि पाठवला नाही. एकच रकाना रिकामा होता, पिएरोच्या मरणाचा. त्याचं दफन कुठल्या चर्चच्या वहीत नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं, दगड नव्हता. त्याच्या बायकोच्या मृत्यूच्या कागदातसुद्धा तिला कुठे विधवा म्हटलेलं नव्हतं. त्या रिकाम्या रकान्यात वॉरननी पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढंच लिहून ठेवलं होतं: "विचारलं. नको म्हणतो."

हे त्या उर्मट अध्यक्षाबद्दलच असणार, असं व्हर्ना धरून चालली होती. वडील खचले ते त्यामुळे. आता ते नव्हते, पण त्यांचं नाव त्या भिंतीवर चढवायचं, आणि तेही त्यांनीच भरलेल्या कागदाने, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं.

३

सरकार जनगणनेतली नावं बहात्तर वर्षं कुलपात ठेवतं. १९५० सालची कुलपं २०२२च्या एप्रिलमध्ये उघडली, आणि व्हर्ना पहिल्याच सकाळी कॉम्प्युटरसमोर बसली. तिला त्यात स्वतःला बघायचं होतं. शोधायला तासभर गेला.

"वॉल्ट, इकडे ये! मी सापडले!"

"हरवली होतीस कधी?" वॉल्ट हात पुसत आला.

गणना करणाऱ्या बाईने नीट अक्षरात घर उतरवलं होतं. आजोबा एल्मर, आजी हॅटी, वडील वॉरन, आई एडिथ, आणि ती स्वतः, व्हर्ना, वय तीन. व्हर्नाला भरून आलं. मग तिची नजर खाली गेली. सहावी ओळ होती.

"पीटर," तिने वाचलं. "कर्त्याशी नातं, घरचा. वय, माहीत नाही. जन्म इटलीत. धंदा पिंपं बांधण्याचा."

"एकोणीसशे पन्नासात लाकडी पिंपं?" वॉल्ट म्हणाला. "मग उपाशीच राहत असणार बिचारा. भाडेकरू असेल कुणी."

"भाडेकरूला भाडेकरू लिहितात. हे बघ, शेजारच्यांकडे लिहिलंय."

"मग तुझ्या आजीने त्या बाईची थट्टा केली असेल. तुमच्या घरात सगळेच पूर्वजांच्या मागे. मला पण कधीकधी वाटतं, मी मेल्यावर जास्त लाडका होईन."

व्हर्ना हसली. पण तो बाहेर गेल्यावर तिने जुने तक्ते उघडले. १८४० पर्यंतच्या गणनेत फक्त कर्त्याचं नाव असतं. बाकीच्यांचे नुसते आकडे, वयाच्या गटाप्रमाणे. १७९०, १८००, १८१०. प्रत्येक वेळी सॅनेलांच्या घरात एक म्हातारा पुरुष जास्त होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे तिच्याच हाताने लिहिलं होतं, "गडी असावा?" असं सगळेच लिहितात. शेतावर गडी असतातच. पण इतकी वर्षं ते प्रश्नचिन्ह आपण सहा वेळा काढलं, हे तिने आज पहिल्यांदा मोजलं.

भिंतीत टक, टक, टक सुरू झालं. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ऊन आहे, ती मनाशी म्हणाली आणि भांडी विसळायला उठली.

४

जुलैत तिने मंडळाच्या नोंदी बघणाऱ्या मिसेस हेगमनना फोन लावला. जुनं डच नावच सांगत होतं की त्यांच्या पूर्वजांना भिंतीवर जागा मागावी लागली नव्हती. पण बाई मोकळी होती.

"अकरा पिढ्या आणि एकही सांधा सुटलेला नाही? अहो मिसेस डोलन, पाठवा की मग!"

"पहिल्याच माणसाचं मरण राहिलंय."

"जन्म कधीचा?"

"१६१२."

"मग त्यात काय एवढं? लिहा, १७००च्या आधी. ठिकाण, राहत्या घरी. दुसरीकडे कुठे जाणार होता मरायला?"

"पण कागद नाही माझ्याकडे."

"माणूस कधी ना कधी मेला, एवढ्याला कागद कशाला हवा?" मिसेस हेगमन खळखळून हसल्या. "आमचे निम्मे तरी 'आधी' मध्येच मेलेत."

व्हर्नालाही हसू आलं. दुसऱ्यांचे वंश शोधून देताना तिने स्वतः शंभरदा हे केलं होतं. मरणाची नोंद मिळाली नाही की माणसाला शंभरीच्या आत मारून टाकायचं आणि पुढच्या पिढीकडे वळायचं. या कामाची ती रीतच आहे. रकाना भरलाच पाहिजे.

तिने वडिलांची पेन्सिलीची ओळ खोडरबराने पुसली. पुसताना हात जरा अडखळला. त्यांचं अक्षर होतं ते. मग शाईच्या पेनने लिहिलं, "१७००च्या आधी, राहत्या घरी," आणि पाकीट टपालात टाकून आली. येताना तिने आइस्क्रीम आणलं. वॉल्टने तिच्या वडिलांच्या नावाने पहिला चमचा उचलला.

५

त्या शनिवारी लख्ख ऊन होतं. व्हर्ना ओट्यापाशी उभी राहून वाट बघत होती, आणि कशाची ते तिला सव्वादहाला कळलं. भिंत गप्प होती.

संध्याकाळी बेकरीची कागदी पिशवी तशीच टेबलावर पडलेली दिसली. आत एक पाव होता, वाळून टणक झालेला.

"आज पाव नेला नाहीस?" तिने वॉल्टला विचारलं.

"कुठला पाव?"

"तिसरा. शेडमध्ये नेतोस तो."

वॉल्टने चष्म्यावरून पाहिलं. "मी? तो तर तू खातेस. दुसऱ्या कॉफीबरोबर."

"वॉल्ट, एका बैठकीला दोन पाव मी जन्मात खाल्ले नाहीत."

"अगं, मी सकाळी एक खाल्ला की मला जेवणापर्यंत बघायला नको."

व्हर्नाने मनात मोजलं. तीस वर्षांचे शनिवार होते ते.

"उंदीर," वॉल्ट शेवटी म्हणाला.

"आणि पिशवीची घडी? ती खणात घडी घालून कोण ठेवतं?"

"ती तू..." वॉल्ट म्हणायला लागला आणि थांबला. मग मोठ्याने हसला. "आपण म्हातारे झालो, व्हर्ना. दोघंही खातो आणि दोघंही विसरतो."

ते पटण्यासारखं होतं. व्हर्नाने पटवून घेतलं. पाव तिने पाखरांना टाकला. पण रात्रीच्या जेवणाला बसताना तिला घरातून पाहुणे निघून गेल्यासारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं. ओळखदेख नसलेल्या कुणाचं वाईट वाटावं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

६

पुढच्या आठवड्यात वॉल्टने मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि व्हर्ना किंचाळली.

"काय झालं?"

"आलास कधी तू? आवाज नाही आला."

"मागच्या दाराने आलो, रोजचा येतो तसा."

तिने त्याला पुन्हा बाहेर पाठवलं आणि पायऱ्या चढायला लावलं. तो हसत चढला. मधल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. पायरी हूं की चूं करेना. व्हर्ना स्वतः चढली, आणि तिच्या अर्ध्या वजनाने लाकूड नेहमीसारखं कुरकुरलं.

"बारीक झालो वाटतं मी," वॉल्ट खूश होऊन म्हणाला.

डॉक्टरांच्या काट्यावर तो दोनशे तीस पौंडच भरला. रक्त ठीक, हृदय ठीक. भूक मात्र मेली होती. "कशालाच चव नाही," असं म्हणून तो ताट सरकवायचा. व्हर्नाने शिंपल्यांच्या दाट सुपाची, वाफाळती चाउडर केली, गावात कुणाला तशी जमत नसे ती; त्याने दोन चमचे घेतले ते तिच्याकडे बघून. पुढच्या शनिवारी तो बेकरीतून हात हलवत परत आला.

"तिसऱ्यांदा हाक मारली तरी त्या पोरीने बघितलंच नाही माझ्याकडे. माझ्या मागच्याला दिले पाव. मग मी आपला आलो निघून."

"तू? निघून आलास? तू तर माशावरून त्या कोळ्याशी तासभर भांडणारा."

"नाही वाटलं भांडावंसं," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.

त्याच्याखाली खुर्चीची उशी दबली नाही. व्हर्नाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं. वय झालं माझं, डोळे तपासून घ्यायला हवेत. औषधाच्या दुकानाचं दार आपोआप उघडतं. सोमवारी वॉल्ट त्याच्यासमोर उभा राहिला आणि ते उघडलं नाही. तो एक पाऊल मागे गेला, पुन्हा पुढे आला, काचेसमोर हात हलवला. व्हर्ना गाडीतून बघत होती. शेवटी एक बाई बाहेर आली तेव्हा तो तिच्या बाजूने आत सरकला. बाईने वळूनही पाहिलं नाही.

परत येताना तो तिच्या शेजारी बसला होता. शेजारच्याने पट्टा बांधला नाही की ही गाडी कानठळ्या बसवते, आणि वॉल्ट कधी आपणहून बांधत नसे. आज त्याचा पट्टा लोंबत होता आणि गाडी गप्प होती. जवळ कुणी बसलंय हे तिच्या गावीच नव्हतं. व्हर्नाने एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा होता, पण गार होता. घर येईपर्यंत तिने हात काढला नाही.

७

घरी टपालात मंडळाचं जाड पाकीट आलं होतं. प्रमाणपत्राची कच्ची प्रत, तपासून कळवा म्हणून. नाव भिंतीवर चढवायचा समारंभ पुढच्याच आठवड्यात होता. व्हर्नाने उभ्याउभ्या वाचलं. पिएरो झानेला, जन्म व्हेनिस. मृत्यू १७००च्या आधी, राहत्या घरी.

राहत्या घरी. तिने ते शब्द पुन्हा वाचले आणि मान वर केली. समोर वॉल्ट बसला होता, हात मांडीवर ठेवून, खाडीकडे बघत. राहतं घर म्हणजे हेच. या घरातलं एक मरण तिने सही करून लिहून दिलं होतं, आणि ज्याच्या नावाने दिलं होतं त्याने ते घेतलं होतं की नाही हे तिला माहीत नव्हतं. नसेल घेतलं, तर ते घरात दुसऱ्या कुणाला तरी शोधत असणार. वडिलांनी आधी विचारलं होतं.

हा वेडेपणा आहे, ती स्वतःला म्हणाली. तू शिकलेली बाई आहेस. तरी तिचा हात फोनकडे गेलाच.

"मिसेस हेगमन, ते मरण काढून टाका."

"काढून म्हणजे?"

"तो मेला असं मी लिहून देऊ शकत नाही."

"मिसेस डोलन, त्याला चारशे दहावं वर्ष लागलंय."

"मला बेरीज येते."

"रकाना रिकामा राहिला तर अर्ज रद्द होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्षरं लिहिणारा उद्या येतोय. मी भिंतीवर खडूने जागासुद्धा आखलीय, तुमच्या वडिलांच्या नावासकट." बाईंचा आवाज मऊ झाला. "फार सुंदर दिसेल हो ते."

व्हर्नाच्या डोळ्यांसमोर ते ताट आलं, न जेवलेलं. टोपी काखेत धरून त्या भिंतीसमोर उभे राहणारे वडील आले. तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

"त्याला सांगा येऊ नको म्हणून," ती म्हणाली. "आणि वडिलांच्या हातचा कागद मला परत हवाय. मी आत्ता निघते."

वॉल्टला तिने हाताला धरून गाडीत बसवलं. घरी एकटा ठेवायची तिची छाती नव्हती. सभागृह अर्ध्या तासावर होतं. सगळा रस्ता गाडी गप्प, वॉल्टही गप्प. तिने जुन्या भांडणांची नावं काढली, त्याच्या बहिणीला नावं ठेवली, त्याच्या होडीला भंगार म्हणाली. तो नुसतं हूं म्हणत राहिला, आणि तेही दर वेळी जरा हळू.

मिसेस हेगमन कागद घेऊन पायऱ्यांवर उभ्या होत्या. व्हर्नाचा चेहरा बघून त्यांनी कागद नुसता पुढे केला. उघड्या दारातून भिंत दिसत होती. खडूने आखलेली चौकट अगदी मधोमध, उजेडाच्या जागी होती. व्हर्नाने एकदाच तिकडे पाहिलं.

गाडीत बसून तिने इंजिन सुरू केलं, मग कागद मांडीवर पसरला, वॉल्टच्या खिशातला चाकू घेतला आणि शाई खरवडायला लागली. कागद जुना होता, शाई आत मुरली होती. आधी 'घरी' गेलं, मग 'राहत्या'. ते सात नि दोन शून्यं काही केल्या निघेनात. तिने अंगठ्याला थुंकी लावून घासलं, पुन्हा पातं लावलं. शेवटचं अक्षर भुकटी होऊन निघालं आणि त्या जागी कागद आरपार दिसेल इतका झिजला. तिने फुंकर मारली.

गाडी कोकलायला लागली.

"ऐकतोय, ऐकतोय!" वॉल्ट दचकून पट्टा ओढत ओरडला. "कान किटवलेस नुसते! व्हर्ना, आपण इथे का आलोय? आणि मला सडकून भूक लागलीय."

व्हर्ना स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

८

शनिवारी वॉल्टने तीन पाव आणले. बेकरीतल्या पोरीशी आधी भांडला, मग तिच्याकडून एक बिस्किट फुकट घेऊन आला. एक पाव लोणी लावून खाल्ला आणि शेडमध्ये गेला. मधली पायरी त्याच्या पायाखाली जीव खाऊन ओरडली.

दहा वाजून गेले. ऊन छपरावर होतं. व्हर्ना खिडकीखालच्या मोरीशी उभी होती, पाण्याने भरलेला कप हातात धरून. भिंत गप्पच होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाही यायचा, तिला वाटलं. आपण माणसाला त्याच्याच घरात मेला म्हटलं. कोण परत येईल?

मग मागे कागद सळसळला.

ती वळली नाही. खिडकीची काच जुनी होती, लाटा पडलेली, आणि तिच्यात मागचं टेबल वेडंवाकडं उमटत होतं. टेबलावर पिशवी होती. पिशवीपाशी एक हात होता. बाहीच्या वर काच काळोखी होती, तिथे काही दिसत नव्हतं, आणि व्हर्नाला ते पुरेसं होतं. तो राकट, सावकाश हात होता. अंगठा चपटा, वर्षानुवर्षं हातोडीखाली सापडून झालेला. त्याने पाव मोडला. कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज स्वच्छ आला. ओल्या लाकडाचा वास आला, लहानपणी कोठीत यायचा तसा. शेडमधून वॉल्ट होडीवर खेकसत असल्याचं ऐकू येत होतं.

तिच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि तरी घर आता भरलंय असंही तिला वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

"चुकलं माझं," ती काचेला म्हणाली. "तुम्हाला न विचारता लिहिलं."

हात थांबला.

"आता विचारते. कधी मनात आलं तर सांगा, मी लिहीन. लिहायचं का?"

काचेत तर्जनी वर झाली. संथपणे एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. मग हाताने पिशवी सपाट केली, मध्ये दुमडली, पुन्हा दुमडली. खण सरकल्याचा आवाज आला. व्हर्नाने कपातलं पाणी ओतून टाकलं आणि कप पुसला. वळली तेव्हा टेबलावर चुरासुद्धा नव्हता, आणि कोठीच्या भिंतीत टक, टक, टक सुरू झालं होतं.

तिने फाईल काढली. खरवडून झिजलेल्या रकान्यात पेन्सिल हलक्या हाताने चालवावी लागली. वडिलांची ओळ तिने आपल्या अक्षरात पुन्हा लिहिली: "विचारलं. नको म्हणतो." त्याच्याखाली, लॉरेलला सापडेल अशा जागी, आणखी एक लिहिली.

"पाव तीन आणायचे. मोरीशी उभी असलीस तर वळू नकोस."